रडवणाऱ्या मावशी

मावशींचा आवाज काही केल्या तिच्या कानातून जाईना. सर्दीने बसतो तसा बसलेला नव्हता तो. वाक्य संपता संपता फाटत होता. वर्षभर लेकाच्या श्वासाला कान लावून बसलेल्या आईला असले आवाज बरोब्बर टोचतात.

मावशी सीटी स्कॅन काढायच्या. नात्यातल्या नव्हेत, पण अख्खं इस्पितळ त्यांना ‘रडवणाऱ्या मावशी’ म्हणायचं. पहिल्यांदा लेकाला मशीनच्या फळीवर निजवलं, तेव्हा आईने त्याला थोपटून, चुचकारून अगदी चिडीचूप केलं होतं. तेवढ्यात काचेपलीकडून खणखणीत आवाज आला, “अहो ताई, गप्प काय करताय त्याला! मला गाणं हवंय!”

आई बघतच राहिली. शिशाचा एप्रन सावरत मावशी आत आल्या.

“श्वासनलिका मऊ पडलीय का, हेच बघायचंय ना? पोर शांत असलं की नळी शहाण्यासारखी उघडी राहते. जोराने श्वास सोडताना मिटते का, ते खरं.”

आणि त्यांनी पोराच्या हातातलं लाकडी बदक खुशाल काढून घेतलं. पोराने असा टाहो फोडला!

“वा रे माझ्या गवया!” म्हणत मावशी बटणाकडे पळाल्या. चित्रात नळी चपटी झालेली स्पष्ट दिसली. महिनोन्महिन्यांच्या घरघरीला एकदाचं नाव मिळालं, उपचार सुरू झाले. बदक परत घेताना पोराने मावशींच्या गालावर चापट मारली, तर “मिळाली हो माझी फी!” म्हणून त्या सगळ्यांना गाल दाखवत फिरल्या. तेव्हापासून ‘अहो ताई’चं ‘अगं’ झालं.

आज मायलेक पुन्हा स्कॅनला गेले, तर स्पीकरमधून नुसती खरखर.

“मावशी, घसा दाखवलात?”

“अगं, जन्मभर पोरांवर ओरडलेय. झिजणारच की.”

“कधीपासून आहे हे?”

“तू वकील कधीपासून झालीस?”

विषय संपला. पण घरी आल्यावर पोरगा बदकाला तोंडाशी धरून, घसा खरवडत, “गाणं हवंय, गाणं हवंय” करत फिरू लागला, आणि तिला हसूच येईना.

“गोड बोलून समजाव त्यांना,” नवरा म्हणाला.

गोड बोललं की मावशी शहाण्यासारख्या हसतात, हे तिला ठाऊक होतं. त्यांचंही बदकच काढून घ्यायला हवं. उद्या घशाच्या डॉक्टरांकडे आला नाहीत, तर पोराचा पुढचा स्कॅन दुसरीकडे, असं ठणकावायचं. चांगल्या तडकतील, फाटक्या आवाजात ओरडतील. ओरडू देत.

तिने फोन हातात घेतला.