लॉखमधली आंघोळ

बाबा गेल्याचं कळलं तेव्हा आमची गाडी लॉख लोमंड या तळ्याच्या काठच्या अरुंद रस्त्यावर कितीतरी वेळ एकाच जागी उभी होती. पुढे कुठेतरी ओंडक्यांचा ट्रक आडवा झाला होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी आणि मध्ये ही गाड्यांची रांग. खरं तर आम्हाला ग्लासगोहून समुद्रात डायव्हिंगला सकाळीच निघायचं होतं. पण नवऱ्याच्या ऑफिसातून फोन आला, सर्व्हर बसला म्हणे, आणि निघेस्तोवर दुपार झाली. शनिवारी कसला आलाय डोंबलाचा सर्व्हर! त्यावरून आमचं चांगलंच वाजलं होतं. डिकीत हवेचे सिलिंडर, शिशाचे बेल्ट आणि दोघांचे सूट खडखडत होते. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले होते, तेवढ्यात नागपूरहून दादाचा फोन आला.

"बाबा गेले गं," तो म्हणाला. "जेवून आडवे झाले, ते चहाला उठलेच नाहीत. आत्ताच घाटावरून आलो आम्ही."

घाटावरून आलो. म्हणजे सगळं उरकूनसुद्धा झालं होतं.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगून काय करणार होती तू? तिथून काही पोचली असती का? आणि सगळे म्हणून राहिले होते, अंधार पडायच्या आत न्या म्हणून."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो बिचारा ऐकत राहिला, रडत राहिला. मग आईने फोन घेतला. तिचा आवाज इतका सपाट होता की मला आधी ओळखूच आला नाही. कोणी बाजूला बसून तिला काय बोलायचं ते सांगतंय असं वाटत होतं.

"डोक्यावरून पाणी घे. आहेत त्या कपड्यांनिशी. आणि लेकीला तीनच दिवसांचं असतं, उगीच जास्त काही पाळत बसू नको."

एवढं बोलून तिने फोन दुसऱ्या कोणाकडे दिला, आणि मग लाइनच गेली.

तीन दिवस! ज्या माणसाने मला सायकल शिकवली, जो माझ्या दहावीच्या वर्षभर पहाटे उठून माझ्याबरोबर जागत बसला, त्याचं मला तीन दिवसांचं. मी अशा गोष्टींना नाक मुरडणारी बाई. लग्नात मुहूर्तावरूनसुद्धा भांडले होते. पण त्या गाडीत बसल्या बसल्या एकच लक्षात येत होतं. तोंड बघायला मिळालं नाही, तोंडात पाणी घालायला मिळालं नाही, पायांवर डोकं ठेवायला मिळालं नाही. बाबांसाठी करण्यासारखं आता एकच उरलं होतं, ती आंघोळ. ती मला नीट, आई म्हणाली तशीच करायची होती.

नवऱ्याने मला जवळ घ्यायचा प्रयत्न केला, पण मध्ये त्याचा सीटबेल्ट अडकला. मग त्याने लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या नेहमीच्या ट्रॅव्हल एजंटला फोन लावला. सोमवारचं विमान मिळालं, त्याआधीचं कुठलंच नाही.

"परत फिरू या," तो म्हणाला.

"फिरवशील कुठे? आणि घरी जाऊन काय करू? फ्लॅटमधल्या त्या मरतुकड्या शॉवरखाली उभी राहू? पुढे अख्खा समुद्र आहे. मी तिथेच पाणी घेणार."

"अगं, मन असं असताना पाण्यात उतरायचं नसतं. पहिल्या दिवशी शिकवतात ते."

"मग मी एकटी जाते."

"एकटी तर मुळीच नाही." त्याने बोटांवर तास मोजले. "काठाकाठाने. मी पुढे. जरा काही वाटलं की वर यायचं. डाइव्हनंतर दिवसभर तरी विमानात बसायचं नसतं, पण आपलं सोमवारी आहे, त्यामुळे तेवढं चालेल."

तो असा. दुःखातही नियम तपासून घेणारा. तेव्हा मला त्याचा भयंकर राग आला होता.

रस्ता मोकळा झाला आणि आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोंगरापलीकडे गेलं होतं. समुद्र इथे डोंगरांच्या मधून आत आत घुसत येतो, त्याला सी लॉख म्हणतात. लाटा नाहीत, वाळू नाही. शेवाळलेले गोटे आणि काळं गार पाणी. काठावर चिटपाखरू नव्हतं. आम्ही सूट चढवले. नवरा माझ्या गळ्याभोवतीचं रबर पुनःपुन्हा चाचपत होता. जुनं गळायचं, दर वेळी मी कमरेपर्यंत भिजून बाहेर यायचे आणि घरापर्यंत कुडकुडत त्याच्या नावाने खडे फोडायचे. म्हणून त्याने आठवडाभर रात्री बसून नवं रबर चिकटवलं होतं. पाठीवरची चेन त्याने ओढून घट्ट बंद केली आणि आम्ही उतरलो.

वरचं पाणी चहासारखं तांबूस होतं, डोंगरातून ओढे येऊन मिळतात म्हणून. खाली गेलो तसा हिरवट अंधार झाला. टॉर्चच्या उजेडात खडकावर पांढरे, फुगीर, बोटांसारखे पोवळ्यांचे झुबके दिसले. त्यांचं इथलं नाव मेलेल्या माणसाची बोटं. एरवी तो ते मुद्दाम दाखवायचा, मला घाबरवायला. त्या दिवशी त्याने टॉर्च झटकन दुसरीकडे वळवला. ते बघून मला रडू फुटलं. तोंडात हवेची नळी असताना रडता येत नाही, नुसते बुडबुडे सुटतात. मास्कमध्ये पाणी साचू लागलं. मला वाटलं मास्क गळतोय, म्हणून शिकवल्याप्रमाणे नाकाने फुंकर मारून ते काढलं, तर पुन्हा भरलं. त्याने माझा हात धरला आणि वर येईपर्यंत सोडला नाही. त्या गार पाण्यात मला वाटत होतं, बाबा, झालं हं. केलं मी. माझ्याकडून एवढं तरी झालं.

काठावर आल्यावर सवयीने हात आधी फोनकडे गेला. बाबा पाण्याला फार भ्यायचे. मी डायव्हिंग शिकते म्हटल्यावर म्हणाले होते, "पाण्यात कशाला जाऊन राहिली बापा? जमिनीवर जागा कमी पडली काय तुला?" आणि तेव्हापासून दर डाइव्हनंतर मला फोन करून 'निघाले बाबा पाण्यातून' असं सांगावं लागायचं. त्याशिवाय ते जेवायचे नाहीत. फोनला तिथे रेंज नव्हती. नाहीतरी मी कोणाला सांगणार होते?

नवऱ्याने माझी पाठीवरची चेन उघडली, आत हात घातला, पाठ चाचपली, कंबर चाचपली. आणि पोराला पहिला नंबर मिळावा तसा ओरडला, "एक थेंब नाही! अगं, एक थेंब नाही आत! ठणठणीत कोरडी आहेस तू!"

मी हात आत घालून बघितलं. टी-शर्ट कोरडा. लेगिंग्ज कोरड्या. टोपीतून झिरपून केस ओले झाले होते तेवढेच. एवढ्या समुद्रात जाऊन आले आणि अंगावरच्या कपड्यांना पाणी लागलं नव्हतं. ड्राय सूट घालून आंघोळीला निघालेली जगातली पहिली शहाणी मीच असणार! इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं तिथेच फुटलं. मी त्या गोट्यांवर बसून मोठमोठ्याने रडले. "कशाला बसवलंस ते रबर? कोणी सांगितलं होतं तुला?" असं काहीबाही त्याला बोलत होते. त्याला आधी काही कळेना. मग कळलं, तसा त्याचा चेहरा उतरला.

मी सूट काढून टाकला, वरचा जाड कोटासारखा थर काढला आणि टी-शर्टवर तशीच पाण्यात निघाले. गोटे पायांना टोचत होते. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हाच दातावर दात वाजायला लागले. त्याने अडवलं नाही. मागे पाण्याचा आवाज झाला म्हणून वळून बघितलं, तर तोही सूट काढून पाण्यात शिरला होता.

"तू कशाला?"

"जावयालाही पाणी घ्यावं लागतं," तो म्हणाला. "तुझ्या आईनेच सांगितलं होतं, तुझे काका गेले तेव्हा."

त्याने माझा दंड धरला. मी नाक दाबून खाली बसले. गारठ्याने श्वासच अडकला, डोक्यात कळ गेली. कपडे अंगाला चिकटले. वर आले तेव्हा तोंडातून 'बाबा' एवढंच निघालं, आणि तेही धड नाही. तो शेजारी डुबकी मारून उठला, आणि आम्ही दोघं एकमेकांना धरून, ठेचकाळत, कसेबसे बाहेर आलो.

गाडीत हीटर पूर्ण सोडला, टॉवेल गुंडाळले, तरी माझी थरथर थांबत नव्हती. लॉख मागे टाकून मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा फोनला रेंज आली. मी घरी लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, पण आईने पहिल्याच रिंगला उचलला. मागे बायकांचे बोलण्याचे, भांड्यांचे आवाज येत होते. आता तिचा आवाज तिचाच होता, घसा बसलेला.

"घेतलंस का गं पाणी?"

"घेतलं आई."

"डोक्यावरून?"

"हो. कपड्यांनिशी."

मग हळूच, बाकीच्या बायकांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "गरम घेतलंस ना पण? तिकडे थंडी असते. यांनी मला शंभरदा बजावलंय, पोरीला सांग, गार पाण्याने डोकं धुवत जाऊ नको म्हणून."

"गरमच होतं आई," मी म्हणाले. "चांगलं कढत घेतलं."