आमच्या गल्लीने मालिकेवर बहिष्कार टाकला तेव्हा

ती मालिका कोणी लिहिली होती, मला आजही माहीत नाही. नावांच्या पाट्या पळायच्या तेव्हा मी स्वयंपाकघरात पोह्यांवर कोथिंबीर पेरत असायची. पण तो जो कोण लेखक होता, त्याने एका रविवारी इतका भिकार भाग लिहिला, की त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. हे मी टोमणा म्हणून नाही सांगून राहिले. अगदी मनापासून सांगते.

लग्न होऊन मी सौंसरहून जबलपुरात आले, घमापुरातल्या एका गल्लीत. सासऱ्यांचे वडील, अकोला आणि जबलपूर एकाच प्रांतात होते तेव्हा, अकोल्याकडून नोकरीसाठी इथे आले. नंतर राज्यं वेगळी झाली, नातेवाईक तिकडे राहिले आणि आम्ही इकडे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, असा सगळा कारभार. सासरे तोफखान्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. नोकरीभर युनियनचं काम केलेलं, त्यामुळे आवाज असा की भाजीवाल्याला हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतला पण थांबायचा.

गल्लीत रंगीत टीव्ही आमच्याकडे पहिला आला. रविवारी सकाळी ती राजकारणाची मालिका लागायची आणि आमची पुढची खोली भरून जायची. किराणावाले भैया दुकान पोरावर सोडून यायचे, शेजारची दीदी स्वेटरच्या सुया घेऊन यायची, बाकीचे दारात, खिडकीत. मालिकेतली बाई म्हणजे एका मोठ्या राजकारणी घराची सून. नवरा वारल्यावर तिला आमदारकीला उभं केलं, ती निवडून आली, आणि हळूहळू सासऱ्यालाच प्रश्न विचारायला लागली. ती विधानसभेत बोलायला उभी राहिली की आमच्या खोलीत टाळ्या पडायच्या. सगळ्यात जोरात माझ्या सासऱ्यांच्या.

मालिका संपली की टीव्ही बंद करून सभा. हे आमच्याच घरात व्हायचं, बाकी कुठे मी पाहिलं नाही. सासरे वेताच्या खुर्चीत अध्यक्ष म्हणून बसायचे आणि भागावर चर्चा व्हायची, अगदी फॅक्टरीच्या गेटवरच्या सभेसारखी. नियमही तेच. ज्याने हात वर केला आणि ‘अध्यक्ष महोदय’ म्हटलं, त्याला बोलू द्यायचं, मधे कोणी तोंड घालायचं नाही, अध्यक्षानेही नाही. आणि जो प्रश्न उभा राहिला तो त्याच बैठकीत निकाली काढायचा. सगळं हिंदीत, कारण सभा गल्लीची. मजा म्हणून सुरू झालेलं, पण सासरे नियमांच्या बाबतीत मजा करत नसत.

आता माझं सांगते. मी बी.एस्सी., बी.एड. करून आलेली. त्या हिवाळ्यात मला मझौलीच्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली. मंगळवारपर्यंत हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला. मझौली म्हणजे तालुक्याचं गाव, बसने जाऊन-येऊन करायचं. मी सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, “बघू.” दुसऱ्या दिवशी विचारलं. “बघू ना, घाई काय आहे!” नवऱ्याला विचारलं, तर तो रिछाईच्या कारखान्यातून दमून आलेला, म्हणाला, “बाबा म्हणतील तसं.” बाप रे, काय ते घर! एक बघून राहिला आहे आणि दुसरा त्याच्याकडे बघून राहिला आहे. मी रात्रीच्या भाकरी अशा थापल्या की परात वाजली पाहिजे. पण भांडले नाही. नवी होते, आणि भांडून गेलं तर रोज परत याच घरात यायचं होतं.

तर तो रविवार. मंगळवार दोन दिवसांवर. मालिकेत ती बाई मंत्रिपदाची शपथ घेणार, असं मागच्या भागात ठेवलेलं. सगळे लवकर येऊन बसले. आणि झालं काय? बाई शपथ घ्यायला निघाली, दारात थांबली, परत फिरली आणि आमदारकीचा राजीनामा सासऱ्याच्या पायाशी ठेवून म्हणाली, की माझं खरं पद तर या घराची सून हेच आहे. मग पदर खोचून पोळ्या लाटायला बसली. मागे बासरी.

मग किराणावाले भैया म्हणाले, “ये क्या था?” दीदीच्या सुया थांबल्या. खिडकीतून कोणीतरी म्हणालं, ह्याच्यापेक्षा लाइट गेली असती तर बरं झालं असतं. आणि मग जो गोंधळ सुरू झाला! आठवडे न् आठवडे आम्ही त्या बाईसाठी श्वास रोखून बसायचो, आणि त्या लेखकाने तिला एका बासरीत गुंडाळून चुलीपाशी ठेवून दिलं. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. ते तिच्यासाठी नव्हतं, खरं सांगायचं तर.

सगळ्यात जास्त भडकले सासरे. खुर्चीतून अर्धे उठून बोलत होते. “जनता ने वोट किसको दिया था? ससुर को दिया था क्या? अरे, इतनी पढ़ी-लिखी औरत, इतनी काबिल, उसको रोटी बेलने बिठा दिया! और वो बुड्ढा चुपचाप बैठा देख रहा है! शर्म नहीं आती?” टाळ्या पडल्या. मी दारात कपबशा घेऊन उभी. नवरा माझ्याकडे बघत नव्हता, पंख्याकडे बघत होता. हिवाळ्यातल्या बंद पंख्याकडे.

निषेधाचा ठराव झाला. मग भैयांनी सुचवलं की नुसता निषेध काय कामाचा, बहिष्कार टाकू. पुढच्या रविवारी गल्लीत कोणी टीव्ही लावायचाच नाही. सासऱ्यांना हे फार पटलं. फॅक्टरीत अवजारं खाली ठेवतात तसंच हे, म्हणाले. आता दिल्लीतल्या टीव्हीवाल्यांना घमापुरातली एक गल्ली रुसल्याचं कसं कळणार होतं, हे कोणी विचारलं नाही. हात वर झाले, ठराव मंजूर. मग सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे शेवटचं विचारलं, “अध्यक्ष की अनुमति से और कोई विषय?” त्यावर कधीच कोणी काही बोलत नसे, लोक चपला शोधायला लागत.

त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारातून एक हात वर आला. हातात पोह्यांचा सराटा होता.

“अध्यक्ष महोदय,” सासूबाई म्हणाल्या.

तुम्हाला कळणार नाही ही काय गोष्ट होती. सासूबाई सभेत कधी बसत नसत, चहा देऊन आत जात. नवऱ्याचं नाव त्यांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं, ‘अहो’सुद्धा भिंतीकडे बघून म्हणायच्या. आणि आता सगळ्या गल्लीसमोर, सरळ त्यांच्याकडे बघून, अध्यक्ष महोदय!

“बोलिए,” सासरे म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

सासूबाईंचं हिंदी म्हणजे आमच्या सगळ्या बायकांचं असतं तसं, मराठीवर हिंदीची शाल पांघरलेलं. पण त्या एका दमात बोलल्या. “अध्यक्ष महोदय, हमारे घर में भी एक बहू है। पढ़ी-लिखी है। उसको मझौली के स्कूल में नौकरी लगी है। मंगल तक हाजिर होना है। वो रोज पूछती है, आप रोज बोलते हैं, देखेंगे। तो सभा को बताइए, कब देखेंगे?”

मला वाटलं, आता काही माझं खरं नाही.

सासरे लाल झाले. आवाज खाली आणून, मराठीत म्हणाले, “अगं, हे घरचं आहे. आत बोलू.”

“हिंदी में बोलिए, अध्यक्ष महोदय,” सासूबाई म्हणाल्या. “सभा को समझ नहीं आ रहा.”

भैयांना हसू फुटलं, ते त्यांनी मफलरमध्ये दाबलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या बाईने काय केलं. मराठीत बोलल्या असत्या तर ते घरातलं राहिलं असतं, आणि घरातलं म्हणजे ‘बघू’. हिंदीत बोलून त्यांनी ते गल्लीच्या मधोमध आणून ठेवलं होतं.

सासरे खुर्चीतून उठले. मला वाटलं, रागाने बाहेर जातात. पण नाही. म्हणाले, “जिस पर सवाल उठा है, वो कुर्सी पर नहीं बैठता.” गेटवरचाच नियम असणार तोही. भैयांना दंडाला धरून त्यांनी खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली सतरंजीवर जाऊन बसले, सगळ्यांमध्ये. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल काय वाटलं ते सांगता येत नाही. इतके दिवस जो राग साठवला होता तो ठेवायला जागाच उरली नाही.

मग ते बोलले, आणि यावेळी भाषण नव्हतं. म्हणाले, थंडीत अंधारात ही घरून निघणार, बस कधी बंद पडणार, कधी उशीर होणार. काही कमी-जास्त झालं तर सौंसरला हिच्या बापाला मी काय तोंड दाखवू? मला त्याचीच भीती वाटते, आणि ती सांगायची लाज वाटते, म्हणून मी ‘बघू’ म्हणतो.

दीदी सुया न थांबवता म्हणाली, “अंकल जी, टीवीवाली भी तो अकेली जाती थी। तब तो आप ताली बजाते थे.”

भैया खुर्चीच्या कडेला कसेबसे टेकले होते, पण त्यांनी त्या दिवशीचा सगळ्यात शहाणा प्रश्न विचारला. “बहू से तो पूछो. बहू, तुमको जाना है?”

सगळी मुंडकी माझ्याकडे वळली. कॉलेजात मी वादविवादात बक्षिसं घेतलेली, पण त्या वेळी तोंडातून दोनच शब्द निघाले. “जाना है.”

हात वर झाले. माझ्या नवऱ्याने पंखा सोडला आणि हात वर केला, जरा उशिरा, पण पूर्ण वर, शाळेत करतात तसा. मग सतरंजीवरून सासऱ्यांचा हात वर आला. भैया घाईघाईने म्हणाले, “सर्वसम्मति से पास,” आणि खुर्चीतून उडीच मारली.

मंगळवारी सासरे माझ्याबरोबर मझौलीपर्यंत आले. बसमध्ये सारखे खिडकीची काच ओढून बघत होते, थंडी येते का म्हणून. शाळेत हजेरीच्या रजिस्टरवर सही करायची वेळ आली तेव्हा तिथल्या गुरुजींनी सवयीने पेन त्यांच्यासमोर धरलं. ते म्हणाले, “मेरा यहाँ क्या काम? मैडम ये हैं.” आणि बाहेर ओट्यावर जाऊन उन्हात बसले. तो ‘मैडम’ शब्द मला पहिल्यांदा त्यांनी म्हटला. त्यानंतर शाळेतल्या कितीतरी पोरांनी म्हटला, पण तसा गोड कोणाचाच लागला नाही.

पुढच्या रविवारी बहिष्कार पाळला गेला, अगदी कडकडीत. मालिकेच्या वेळी गल्लीत एवढी शांतता की कोपऱ्यावर जलेबी तळल्याचं ऐकू यावं. नंतर दुसऱ्या मोहल्ल्यातल्यांनी सांगितलं की नेमक्या त्याच भागात बाई पोळपाट सोडून उठली. राजीनामा म्हणे तिचा डाव होता, सासऱ्याच्या सगळ्या भानगडी बाहेर काढल्या तिने. माझे सासरे केवढे चिडले! म्हणे, “मग आधी सांगायचं ना!” आता कोणी सांगायचं होतं, आणि कोणाला?

पण मला त्या भागाची हळहळ नाही. कारण त्या अर्ध्या तासात, टीव्ही बंद म्हणून, सासूबाई पहिल्यांदाच रविवारी सकाळी रिकाम्या होत्या. मागच्या अंगणात उन्हात आम्ही दोघी मटार सोलत बसलो. माझा शाळेतला पहिला आठवडा झाला होता. मी म्हणाले, “आई, त्या दिवशी तुम्ही नसत्या बोलल्या तर मी हा आठवडाभर इथेच बसले असते. तुमचे उपकार कसे फेडू?”

“उपकार काहून? माझी सून आहेस तू,” त्या म्हणाल्या.

“पण तुम्हाला एवढ्या लोकांत बोलायची भीती नाही वाटली?”

त्या शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला घेतलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तिथे फोन जोडून द्यायला मुली पाहिजे होत्या, माझा आवाज साफ होता, म्हणून घेतलं.”

मी हात थांबवला. हे मला माहीत नव्हतं. घरात कोणी कधी बोललंच नव्हतं.

“मग?”

“मग काय. मी विचारलं होतं ना, माझ्या सासऱ्यांना. ते म्हणाले, बघू.” त्यांनी टोपलं माझ्याकडे सरकवलं. “पण मी मराठीत विचारलं, बाई. आणि हळू आवाजात.”