चपला बाहेर, जाहिराती आत

अन्याय झाला सुजातावर, मुखेडच्या आमच्या शाळेत, नववीत, पोळ्यानंतरच्या सोमवारी. आज संगणकावरचं कापड झटकलं अन् त्या धुळीच्या वासानं शाळेची ती संगणकांची खोली पुन्हा उभी राहिली.

तिथं चपला बाहेर काढूनच जायचं. सुजाता शनी ग्रह शोधत होती. पडद्यावर घाणेरडी जाहिरात उघडली.

"हेच बघून राहिली का गं? उद्यापासून इथं यायचं न्हाई," संगणकाचे सर म्हणाले.

"सर, ते आपोआप येतंय."

आवाज ऐकून आलेल्या विज्ञानाच्या मॅडमनी त्याच संगणकावर दुसरा ब्राउझर टाकला, जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन जोडलं. तेच पान उघडलं: नुसता शनी, कड्यांसकट! अख्खा वर्ग बाकांवरून उठला.

"सर, आता कुणाला हाकलता?" सुजातानं विचारलं.

तेव्हा मला जादू वाटली. आज कळतं, ते काम आम्ही संगणकापुढं बसायच्या आधी व्हायला हवं होतं. आजच्या गुरुजींनो, उद्या पोरांच्या चपलांचं राहू द्या, आधी ब्राउझर तपासा.