रविवारचा बाक

ओरछा गेटजवळच्या मुलींच्या निवासगृहात मी काळजीवाहक आहे. नवरा फौजेत, घर इकडे उत्तरेतल्या छावणीत, त्यामुळे टापटिपीचं वेड अंगात पार मुरलेलं. नवरा हात जोडून म्हणतो, "बाईसाहेब, फौजेत मी आहे की तू?"

रविवारी दुपारी दोन ते चार मुलींना भेटायला घरचे येतात. मी सगळ्यांना न्हाऊमाखू घालून, घट्ट वेण्या घालून फाटकापाशी बाकावर ओळीने बसवायची. कुणाचं कुणी येवो न येवो, एकीलाही वगळायचं नाही, हा माझा न्याय. त्याचा मला अभिमानसुद्धा होता.

त्यांत दहा वर्षांची एक होती. तिची सहा वर्षांची धाकटी बहीणही आमच्याकडेच. थोरलीने दोन रविवारी तोडफोड केली होती. तिसरा अहवाल गेला की तिला दुसऱ्या शहरातल्या संस्थेत हलवणार आणि धाकटी इथेच राहणार, असं अधीक्षक मॅडमनी बजावलं होतं. म्हणून त्या रविवारी सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दर पाच मिनिटांनी तिला विचारायची, "ठीक हो ना, बेटा?" तिला नुसता वात आणला मी.

चार वाजता शेवटचे पाहुणे गेले आणि ती उठली. आत जाऊन माठ लाथेने फोडला, ताट खिडकीवर भिरकावलं. काच खळकन फुटली. तिचा दंड धरून खाली बसवायला माझे हात शिवशिवत होते. पण प्रशिक्षणात शिकवलं होतं, धरायचं नाही, दार अडवायचं नाही, बोलायचं कमी. बाकीच्या मुलींना मी मागच्या अंगणात पिटाळलं आणि दारातून बाजूला होऊन ओल्या फरशीवर बसले. गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

बऱ्याच वेळाने ती ओरडली, "हमाई मताई नईं आउने, तुमें पतो है! फिर हमें काए बिठातीं?"

मताई म्हणजे आई. ती कधीच येत नाही, हे मला ठाऊक होतं. माझी मलाच भयंकर लाज वाटली. "गलती हमारी है," एवढंच म्हणाले. ती रडत खाली बसली, माझ्यापासून हातभर लांब.

संध्याकाळी अहवाल लिहायला घेतला. 'घटनेच्या आधी काय घडलं' या रकान्यात मागच्या दोन्ही वेळा मी 'कुछ नहीं' लिहून मोकळी झाले होते. आता तिन्ही रविवारचं खरं लिहिलं: आई येणार नाही हे ठाऊक असूनही मी तिला दोन तास बाकावर बसवलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "ये काट दीजिए, आप पर बात आएगी।"

"आने दीजिए, जी।"

अहवाल वर गेला. उत्तर येईना. टपालाचा गठ्ठा आला की मी धावत जायची, रिकाम्या हाताने परत यायची.

तिसऱ्या दिवशी थोरली पायरीवर बसून धाकटीला बुटाची नाडी बांधायला शिकवत होती. मला बघून म्हणाली, "हमें भेज दैहो का?"

"पता नहीं, बेटा।"

तिने मान हलवली, बहिणीच्या बुटाची बांधलेली नाडी सोडली आणि म्हणाली, "फिर से बाँध. अपने हाथ से."