पंचवीस मापाचा ओटा

काय करतोस असं कुणी विचारलं, तर सतीश कुरकुंभच्या एमआयडीसीतली नोकरी सांगायचा. केमिकल कंपनीत ऑपरेटर, तीन पाळ्या. गेमचं मात्र सांगत नसे. तिशीला टेकलेल्या, एका पोरीच्या बापानं राक्षस मारत बसावं हे त्याच्या बायकोला, करुणाला, मुळीच पटत नव्हतं. पण दौंडात नवनाथच्या सायबर कॅफेत त्याची खुर्ची ठरलेली होती. पहिली पाळी सुटली की गडी थेट तिथं.

दोघं एकाच गावचे, एकाच वर्गातले. नवनाथ बागायतदार आनंदरावांचा मुलगा. सतीश ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतला. नव्याण्णव साली कॉम्प्युटर क्लासमध्ये दोघांना त्या जुन्या गोळीबाराच्या गेमचं वेड लागलं. नुसतं खेळून भागेना, म्हणून सतीशनं त्यात आपलं गावच उभं केलं. चावडी, विहीर, शाळा, सगळं हुबेहूब. फक्त नवनाथच्या घराचा ओटा चढता येत नव्हता. त्या गेममध्ये उडी नाही. चोवीस मापापर्यंतची पायरी खेळाडू आपोआप चढतो, आणि हा ओटा पंचवीसचा.

"इंजिनेर, टेप घरी इसरला व्हता का?" नवनाथ सात वर्षं टर उडवत होता. सतीश हसून वेळ मारून न्यायचा.

पुढं नवे कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यावर जुना गेम चालेना. पण गेमचा मूळ कोड बनवणाऱ्यांनीच खुला केला होता, आणि हौशी लोकांनी त्यावरून नवा प्रोग्रॅम रचला होता. त्याला म्हणायचं पोर्ट. नवनाथनं तो नेटवरून उतरवून घेतला आणि सतीशचं गाव त्यात उघडलं.

"भिंतींना तूप फासल्यागत दिसतंय," सतीश कुरकुरला. "पुसट झाल्यात. बंद कर ते."

नवनाथनं भिंती गुळगुळीत करणारी सोय बंद केली, तशा भिंती पुन्हा खरबरीत, दाणेदार झाल्या. लांबचा अंधार पूर्वी टप्प्याटप्प्यानं गडद व्हायचा, तोही त्यानं तसाच करून दिला. सतीश खूश झाला. आपलं गाव परत आलं असं त्याला वाटलं.

"आता खरी गंमत बघ. ह्याच्यात जंप हाय!" नवनाथनं बटण दाबलं. पडद्यावरचा खेळाडू टुणकन ओट्यावर चढला आणि दारातून आत गेला. "तुझी चूक आपोआप दुरुस्त! नेटवर टाकू, दोघांच्या नावानं."

सतीशनं खेळाडूला परत ओट्याखाली उतरवलं. "जंप बंद करता येती का?"

"येती की. फाइलीत एक ओळ टाकायची. पण लोक म्हणतील, ह्याला माप कळत न्हाई."

"म्हणू दे."

"आरं, पण का?"

याही वेळी हसून सुटता आलं असतं. पण त्या हसण्याचा सतीशला आता वीट आला होता. शिवाय गाव जगापुढं जाणार होतं, त्याच्या नावानं.

"चूक न्हाई ती, नवनाथ. लहानपणी तुझ्याकडं अभ्यासाला यायचो, तवा कुठं बसायचो मी?"

"ओट्यापाशी."

"ओट्याखाली. चढू नको असं कुणी कवा म्हणलं न्हाई. पण चहा खालीच यायचा. पिऊन झाला की कप मीच इसळायचो आन् वळचणीला ठेवायचो."

नवनाथ म्हणाला, "चहा मीच आणून द्यायचो की रं."

"व्हय. तूच."

नवनाथनं फाइल उघडून ती ओळ टाकली. गेम पुन्हा चालू केला, चावडीवरून चालत स्वतःच्या घरापाशी आला आणि ओट्याला धडकला. मागं आला, पुन्हा धडकला. मग तिथंच खाली उभा राहिला.

"रविवारी घरी ये," तो म्हणाला. "आत बसू."

"येईन की. पण ह्यो ओटा असाच राहू दे."

रविवारी सतीश गेला. आत सोप्यात बसला, चहा प्याला आणि सवयीनं कप विसळायला उठला. नवनाथनं त्याच्या हातातून कप काढून घेतला.

गाव नेटवर गेलं. थोड्याच दिवसांत कुठल्यातरी परक्या देशातल्या खेळाडूनं विचारलं, नकाशा झकास आहे, पण मोठ्या घराचा ओटा चढता येत नाही, माप चुकलंय का? सतीश तेव्हा पाळीवर होता. नवनाथनंच मोडक्यातोडक्या इंग्रजीत उत्तर लिहिलं.

माप बरोबर आहे. ते घर माझं आहे.