घळीची वाट आणि आमचे व्याही

माझ्या धाकट्या लेकीच्या सासऱ्यांइतका घोडीच्या मर्जीने चालणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. सकाळी उठले की हात जोडून पहिलं 'शरणार्थ' घोडीला, मग महादेवाला, आणि उरलंच तर घरच्या माणसांना. कंधारच्या पलीकडे त्यांच्या गावामागे, जमीन एकाएकी फाटावी तशी एक खोल घळ आहे. नांदेड-लातूरची माणसं रविवारी ती बघायला येतात. आमचे व्याही त्यांना एकेक करून घोडीवर बसवायचे आणि स्वतः पुढे पायी चालत कड्याच्या वाटेने तळाला न्यायचे. बसणाऱ्याने आधी घोडीपुढे उभं राहून नाव-गाव सांगायचं. तिने कान मागे पाडले की बसणं रद्द. लातूरचे एक साहेब काळा चष्मा लावून आले होते. व्याही म्हणाले, "चष्मा काढा. तिला डोळे दिसू द्या." साहेब चिडले, "मी कोण हाय ठाऊक हाय का?" व्याही म्हणाले, "मला हाय. तिला न्हाई." साहेबांनी चष्मा काढला, तरी घोडीने कान पाडलेच. साहेब काठावरूनच परतले. लोकांचे मोबाइल पिशवीत घालून पिशवी घोडीच्या गळ्यात बांधायचे. वाटेत वाजला तर म्हणायचे, "तिचा फोन हाय, ती बघंल."

पोळा झाला आणि लेकीने मला बोलावून घेतलं. "आई, मामंजी दोनदा पडलेत. माळेगावच्या जत्रेत घोडी विका म्हणावं. आमचं ऐकत न्हाईत. तुला भितात." भितात हे खरं आहे. लग्नात मानपानावरून मी त्यांना पंगतीतून उठवलं होतं. मी ओसरीवरच तोंड उघडलं, तर म्हणाले, "हितं नका बोलू, इहीणबाई. काय असंल ते खाली चलून बोला." मग सत्तरी उलटलेल्या मला घोडीपुढे उभं केलं. मी नाव-गाव सांगितलं. घोडीने कान हलवले नाहीत. व्याह्यांचा चेहरा मात्र पडला.

वाट दोन हात रुंद. एका अंगाला काळा कडा, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. घारी खाली फिरत होत्या आणि मला त्यांच्या पाठी दिसत होत्या. घारीची पाठ मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. आणि व्याही सारा वेळ माझ्याकडे पाठ करून चाललेले. विहिणीला पाठ दाखवायची म्हणजे काय? मी ओरडले, "तोंड फिरवून चला की! रीतभात हाय का न्हाई?" ते तसेच चालत म्हणाले, "मी वळलो की ती थांबती. थांबली की मागचा पाय भाईर जातो. मग रीतभात खाली शोधावी लागंल." मी त्यांची पाठ बघत राहिले. तेव्हा दिसलं, उजवा पाय फरफटतोय, हात कडा चाचपतोय.

तळाला पोचलो. सात-आठ कडुलिंब एकावर एक ठेवावेत एवढे कडे दोन्हीकडे, आणि वर आभाळाची निळी चिंधी. मी देवळात इतकी लहान कधी झाले नाही. व्याही वळले. घामाने निथळत होते. "बोला आता."

वाट छान आहे, एवढं म्हणून परतता आलं असतं. मला तसं येत नाही. "पाय गेलाय तुमचा," मी म्हणाले. "मागून समदं दिसतंय. एक दिस माणसासकट जाताल."

त्यांनी हळूच विचारलं, "घोडीला कळलंय का?"

"तिलाच पयलं कळलंय. तुमचा पाय टेकंपर्यंत ती खूर उचलीत न्हाई."

त्यांनी घोडीच्या कपाळाला कपाळ लावलं. "मग इतके दिस बोलली का न्हाईस गं?"

माळेगावला घोडी विकली. आता ते ओसरीवर बसतात, वेळेवर जेवतात, कोणाशी भांडत नाहीत. माणसं काठावरून फोटो काढून परत जातात. लेक म्हणते, "आई, बरं केलंस." केलं असेल. पण त्या तळातून दिसणारं आभाळ आता कोणाला दिसणार नाही, हेही मीच केलं.