अक्काचा व्हिडिओ आणि कलघटगीची मामी

अक्कानं मांडीवर साडी घेऊन तुळशीवृंदावनाचा पहिला टाका घातला, तेव्हा मी समोर फोन धरून बसलो होतो. पन्नास मिनिटं तसाच बसलो. शिंकसुद्धा दाबली. माझ्यासारख्या वकिलाला पन्नास मिनिटं गप्प बसवणं न्यायाधीशांनाही कधी जमलेलं नाही.

प्रकरण असं होतं. धारवाडातल्या एका प्रशिक्षण केंद्राला कसुतीचं भरतकाम शिकवायला बाई हवी होती. पदवीची अट नाही. एक नक्षी पहिल्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत काढायची आणि तिचा अखंड व्हिडिओ त्यांच्या अ‍ॅपवर चढवायचा. मध्ये काटछाट चालणार नाही. कसुतीत गाठ मारत नाहीत, साडी उलटून बघितली तरी मागची बाजू पुढच्यासारखीच दिसली पाहिजे. तेव्हा अट रास्तच होती. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, छप्पन्न वर्षांची. तीस वर्षं दुकानदारांच्या साड्यांवर कसुती काढत आली. साडीवर चिठ्ठी दुकानाची, कौतुक नेसणारीचं. “तम्मा, मला ही जागा हवीय,” असं ती मला, तिच्या धाकट्या भावाला, म्हणाली. याआधी अक्कानं काही हवंय म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

आधीचे दोन व्हिडिओ तिलाच पसंत पडले नाहीत, म्हणून तिसरा निघाला तो शेवटच्या दिवशी. मुदत संध्याकाळी पाचची. सकाळी दहाला मी फाइल चढवायला लावली. चार जीबीची! रस्ता खणून ठेवल्यामुळं घरचं वायफाय चार दिवस मुकं होतं, अक्काकडं बटणांचा फोन, म्हणून भिस्त सगळी माझ्या फोनच्या नेटवर. आणि मी शहाण्यानं काय केलं? नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकलं, ‘आज अक्काचा व्हिडिओ पाठवतोय, आशीर्वाद असू द्या.’

आमच्या घराण्याची एक रीत आहे. कुणाचं काही महत्त्वाचं असलं की ते व्हायच्या आधीच सगळ्यांनी फोन करून “झालं का?” असं विचारायचं. जो विचारत नाही, त्याचं नाव पुढच्या तीन लग्नांत निघतं. इथंच घोडं पेंड खात होतं. माझा फोन जुना, कुणाचा कॉल आला की नेट बंद. आणि ते अ‍ॅप इतकं मानी की एकदा तुटलं की पुन्हा शून्यापासून.

एकतीस टक्क्यांवर कलघटगीच्या मामीचा फोन आला. “झालं का रे?” म्हटलं, “होत होतं!” बावन्न टक्क्यांवर हुबळीच्या काकांचा. त्यांनी तर आधी जेवणाची चौकशी केली. बारा वाजून गेले होते. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारायची, “किती झालं?” मी “शून्य” म्हणायचो, आणि ती पुन्हा आत जायची.

तिसऱ्या खेपेला गाडी चौसष्टपर्यंत आली. माझं डोकं तापलं. मामी पुन्हा फोन करणार हे मला सूर्य उगवण्याइतकं पक्कं ठाऊक होतं. म्हटलं, आधीच तंबी देऊन टाकू. लावला फोन. “मामी, हात जोडतो, पाच वाजेपर्यंत कुणी मला फोन करायचा नाही, तुमच्या फोनमुळं नेट तुटतं!” मामी म्हणाली, “अय्यो, मग तू कुठल्या फोनवरून बोलतोयस?”

बघतो तर शून्य!

माझी बायको समोरच शेंगा सोलत होती. “अहो, माझा फोन होता की! म्हणतात ना, अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.” मी गुन्हा कबूल केला. अक्का मात्र हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांबाला धरून हसली. मग डोळे पुसून म्हणाली, “चल ऊठ. गाडी काढ.”

सुभाष रोडवरच्या झेरॉक्सवाल्या बाईनं माझं गाऱ्हाणं अर्ध्यावरच तोडलं. “फ्लाइट मोडिगे हाक्री, सर!” असं म्हणून तिनं फोन माझ्या हातातून घेतला, फ्लाइट मोडवर टाकला आणि दुकानाच्या वायफायला जोडला. आता मामीच काय, ब्रह्मदेवाचाही फोन येणार नव्हता. अडीच वाजले होते. अक्का स्टुलावर बसली, फोन झेरॉक्स मशीनवर, आणि मी फुटपाथवर येरझाऱ्या घालत होतो. चाळीस. सत्तर. साडेचारला नव्व्याण्णव, आणि तिथंच अडकलं! हत्ती गेला नि शेपूट राहिलं. मी फोनवर खेकसायला लागलो.

“ओरडतोस काय? तो तुझा साक्षीदार आहे का?” अक्का म्हणाली. तिचे हात मात्र पदराशी चाळा करत होते.

पाचला अठरा मिनिटं कमी असताना हिरवी खूण उमटली. “आयतु!” झेरॉक्सवाली बाई ओरडली, झालं म्हणून. अक्कानं तिला मिठीच मारली, आणि झेरॉक्सला आलेले चारदोन लोक काहीएक ठाऊक नसताना टाळ्या वाजवायला लागले. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना चहा सांगितला.

आठ दिवसांनी त्याच अ‍ॅपवर निवडीची यादी आली. तिसऱ्या ओळीत अक्काचं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मी धावत तिच्याकडं गेलो. ती फोन बघेना. “मोठ्यानं वाच,” म्हणाली. मी वाचलं. “परत.” कोर्टात पुकारा करतात तसं खड्या आवाजात पुन्हा वाचलं.

“तीस वर्षांत माझ्या कामापुढं माझं नाव कुणी घातलं नव्हतं रे,” ती म्हणाली. “आणखी एकदा.”

तिसऱ्यांदा माझा आवाज आडनावापर्यंत पोचलाच नाही. तेव्हा अक्कानं फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला, आणि उरलेलं नाव स्वतः वाचलं.